हजर, परंतु नोंद नाही

आपण अस्तित्वात आहोत की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच असतो, अशी ज्यांची दृढ समजूत आहे, त्यांनी एकदा कंधार, लोहा किंवा औसा यांपैकी कोणत्याही तहसील कचेरीत वारसाच्या नोंदीसाठी अर्ज देऊन पाहावा. अर्जदार सदेह समोर उभा असतो, त्याच्या हातात पिशवी असते, पिशवीत कागद असतात, कागदांवर शिक्के असतात, आणि इतके सारे असूनही मेजापलीकडचे सद्गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून अत्यंत शांत स्वरात सांगतात की, ‘आपलं नाव इथं दिसत नाही.’ त्या स्वरात वैर नसते, तुच्छताही नसते. मराठवाड्याचा मनुष्य हे वाक्य ऐकून खचत नाही; तो बाहेर येतो, टपरीवर अर्धा चहा घेतो आणि मूळ इंद्राज कोणत्या दफ्तरात निघेल याचा विचार करू लागतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या साधनेचा उपयोग पुढे कधी यंत्रविद्येत होईल असे आमच्या वाडवडिलांच्या स्वप्नातही आले नसेल. परंतु कारखान्यांतील पॅनेले दुरुस्त करण्याच्या निमित्ताने नांदेड आणि लातूर यांच्या दरम्यान लोहा, अहमदपूर, चाकूर अशा येरझारा घालण्यात ज्याची हयात चालली आहे, अशा प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा की, एम्बेडेड लिनक्सवर चालणाऱ्या पेटीत बसविलेले कार्ड जेव्हा ‘दिसत नाही’, तेव्हा तपास करणाऱ्याला अभियांत्रिकीच्या पदवीपेक्षा पहाणीपत्रक वाचण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो.

प्रसंग लातूरच्या एका डाळ मिलमधला आहे. तुरीची डाळ म्हटली की व्यापारात लातूरचे नाव निघते हे सर्वश्रुत आहे. परंतु ती डाळ पिवळीधमक आणि एकजात दिसावी म्हणून हल्ली कोणी नुसत्या माणसाच्या डोळ्यावर विसंबत नाही, हे तितकेसे ठाऊक नसते. दाणे उतरत्या पन्हळीवरून घसरत येतात, कॅमेरा त्यांच्याकडे रोखून पाहतो, आणि एखादा काळवंडलेला दाणा आढळताच दाबलेल्या हवेची बारीक फुंकर त्याला नेमकी बाजूच्या डब्यात ढकलते. या सॉर्टेक्स यंत्राचे आणि वजनकाट्याचे आकडे गोळा करून मालकांच्या मोबाइलवर रवाना करण्याचे काम भिंतीवरच्या पॅनेलात बसविलेली एक वीतभर लांबीची धातूची पेटी करीत असे. पेटीत एआरएम जातीचा प्रोसेसर, त्यावर लिनक्स, आणि बोर्डाच्या कडेला शेजारी-शेजारी दोन मिनी पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट. पहिल्या स्लॉटात मोबाइल नेटवर्कशी बोलणारे फोर-जी कार्ड, आणि दुसऱ्यात जास्तीचे लॅन पोर्ट देणारे कार्ड, ज्याच्यावर सॉर्टेक्स आणि वजनकाटा यांची मदार. पावसाळ्यात विजेच्या एका झटक्यात हे दुसरे कार्ड कामास आले. नवे मागविले, तेव्हा पुरवठादाराने औदार्याच्या भरात ‘सिस्टीमही नवी टाकून देतो’ असे म्हणून पेटीतले सॉफ्टवेअर दुरूनच बदलून दिले. नवे कार्ड, नवी सिस्टीम आणि जुनी पेटी असा त्रिवेणी संगम घडून आल्यावर, अशा संगमावर नेहमी होते तसे, एक नदी गुप्त झाली. मशीन कार्ड घेईना.

मी पोचलो तेव्हा पॅनेलचे दार सताड उघडे होते आणि त्याच्याभोवती इजलास भरला होता. मिलच्या इलेक्ट्रिशियनचे मत अर्थिंगवर ठाम होते. इलेक्ट्रिशियन या वर्गाची अर्थिंगवरील निष्ठा मी इतकी वर्षे पाहत आलो आहे की, भूकंप झाला तरी हे लोक प्रथम पृथ्वीचेच अर्थिंग तपासतील, आणि लातुरात हे वाक्य मी सहसा उच्चारीत नाही. गंजगोलाईतून बोलावून आणलेल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराचे म्हणणे, ‘पीस फॉल्टी है, वापस करा.’ मुनीमजींनी पेटी बसविल्याची तिथी पंचांगात पाहून ठेवली होती आणि ती अमावास्या निघाल्यामुळे त्यांच्या दृष्टीने निकाल लागलेलाच होता. मालक, ज्यांना सारी मिल अप्पा म्हणते, खुर्चीवर मागे रेलून एवढेच म्हणाले, ‘इंजिनेर सायब, शेजारचं कार्ड चालूलालंय, मग ह्यालाच काय धाड भरली?’

त्या इजलासातला हा एकच प्रश्न शास्त्रशुद्ध होता, आणि त्याचे उत्तर मात्र बहुतेक शिकलेल्या माणसांनाही चकवते. दोन्ही स्लॉट दिसायला हुबेहूब. दोहोंत बावन्न संपर्कबिंदू. दोहोंत कार्ड तिरके खुपसून मग खाली दाबायचे आणि दोन बारीक स्क्रूंनी जखडायचे. परंतु या बावन्न बिंदूंमध्ये दोन स्वतंत्र अमले नांदत असतात. काही तारा पीसीआय एक्स्प्रेसच्या, आणि छत्तीस व अडतीस क्रमांकाच्या दोन तारा यूएसबीच्या. फोर-जी कार्डे बहुधा या दोन तारांवरच आपला सारा प्रपंच चालवितात आणि उरलेल्या पीसीआयच्या तारांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यामुळे अशा कार्डाचे नाव एलएसपीसीआय या आज्ञेने शोधू जाल तर सात जन्मांत सापडणार नाही. ते एलएसयूएसबीच्या रजिस्टरात सुखाने नांदत असते. कित्येक सज्जनांनी याच कारणाने चालू कार्डे परत पाठविली आहेत आणि पुरवठादारांनी ती तितक्याच सौजन्याने बदलूनही दिली आहेत. तात्पर्य, शेजारी चालतो यावरून याच्या प्रकृतीविषयी काहीच सिद्ध होत नव्हते, कारण दोघांचे पटवारीच वेगळे. अप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या मनुष्याला अशी गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

आता खोडरबराविषयी. आपल्याकडे कार्ड दिसेनासे झाले की ते काढून त्याच्या सोनेरी कडेवर शाळेतला खोडरबर घासण्याचा एक विधी आहे, आणि तो नांदेडात वजीराबादच्या कोणत्याही संगणक दुरुस्तीच्या दुकानात जितक्या श्रद्धेने पाळला जातो तितक्या श्रद्धेने संध्याही कोणी करीत नसेल. या विधीला अर्थ नाही असे मात्र नाही. त्या कडेवर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो. त्यावर धूळ, ओशटपणा आणि हवेतला ओलावा यांचा थर चढतो. आणि डाळ मिलमध्ये तर तुरीच्या चुनीचे पीठ इतके सूक्ष्म होऊन हवेत तरंगत असते की, बंद पॅनेलात ते कोठून शिरते याचा शोध करणाऱ्याला डॉक्टरेट द्यावी. फक्त दोन अपवाद मला नोंदवावेसे वाटतात. एक, रबर जोराने आणि वारंवार घासल्यास थराबरोबर मुलामाही निघून जातो. दोन, घासून झाल्यावर स्लॉटात तोंडाने जी जोरकस फुंकर मारण्याची प्रथा आहे, तिने धुळीपेक्षा थुंकीचे दळणवळण अधिक होते. इलेक्ट्रिशियनने हे दोन्ही उपचार माझ्या आगमनापूर्वीच उरकले होते. त्या गडबडीत कार्डाचा एक स्क्रू पॅनेलच्या तळाशी घरंगळला होता आणि त्याच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा कर्तव्य बजावीत होता.

तसे पाहता स्लॉट आणि मराठी यांचा ऋणानुबंध जुना आहे. आज कोणत्याही मोबाइलवर देवनागरी उमटते म्हणून नव्या पिढीला नवल वाटत नाही, परंतु डॉसच्या काळात संगणकाला मराठीचा गंधही नव्हता, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट नावाचे कार्ड संगणकाच्या स्लॉटात बसविण्यासाठी तयार केले तेव्हा अनेक कचेऱ्यांच्या पडद्यांवर भारतीय लिप्या दिसू लागल्या. मायमराठी अशी एका हिरव्या पट्टीवरून, खोबणीत दाबून बसवून, संगणकात दाखल झाली. विद्वानांच्या परिषदांत या घटनेचा उल्लेख मी अद्याप ऐकलेला नाही. त्या जमान्यातल्या आयएसए स्लॉटात कार्ड स्वतःविषयी चकार शब्द काढीत नसे. ते कोणत्या पत्त्यावर राहते आणि हाक कोणत्या क्रमांकाने मारते, हे मनुष्याने बारीक जंपर इकडून तिकडे हलवून ठरवायचे आणि मग तेच सॉफ्टवेअरला तोंडी कळवायचे. दोन कार्डांनी एकच क्रमांक धरला की दोघेही मौन पाळीत.

१९९२ साली पीसीआय आले आणि कार्डांना वाचा फुटली. प्रत्येक कार्डाच्या पोटात त्याच्या निर्मात्याचा एक सोळा बिटांचा क्रमांक, त्याला वेंडर आयडी म्हणतात, कायमचा कोरलेला असतो. इंटेलने आपल्याकरिता ८०८६ हा क्रमांक राखून घेतला, कारण १९७८ सालच्या त्याच नावाच्या प्रोसेसरवर त्या घराण्याचे भाग्य उदयास आले. सरंजामदारांची ही वृत्ती सिलिकॉनच्या मुलखातही सुटत नाही. संगणक सुरू झाला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर बसवर शून्यापासून एकतीसपर्यंतच्या प्रत्येक जागेला क्रमाने विचारतो, तू कोण? जागेवर कोणी असेल तर तो आपला क्रमांक सांगतो. जागा रिकामी असेल तर उत्तर देण्यास कोणीच नसते, आणि या निःशब्दतेचा अर्थ यंत्र असा लावते की, सोळाच्या सोळा बिटांवर एक आले. म्हणजे त्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या हे ‘कोणीही नाही’चे चिन्ह. गैरहजर माणसाच्या नावापुढे सर्वांत मोठी रक्कम मांडण्याची ही रीत रोजगार हमीच्या हजेरीपटांवर फार आधीपासून रूढ होती.

यावरून कोणास वाटेल की, कार्ड जर आपले नाव स्वतः सांगते तर एवढा खटाटोप कशाला? मेजावरच्या संगणकात तो फारसा करावा लागत नाही. परंतु एम्बेडेड बोर्डाची मेख निराळी आहे. कार्ड नाव सांगते खरे, पण ज्याच्यापाशी सांगायचे तो पीसीआयचा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच असतो आणि तो स्वतः होऊन कधी कोणाला आपले नाव सांगत नाही. त्याचे अस्तित्व कर्नलला कोणीतरी लेखी कळवावे लागते. पूर्वी हे सारे लेखन कर्नलच्या उदरातच, बोर्डागणिक वेगवेगळे, सी भाषेत केलेले असे. बोर्डांची प्रजा वाढली, फाइलींचा ढीग झाला, आणि मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्‌स यांचा संयम सुटून त्यांनी एआरएमच्या मंडळींना जे सुनावले ते या नियतकालिकाच्या अभिरुचीस झेपणारे नाही. त्यानंतर एआरएमच्या बोर्डांनी डिव्हाइस ट्री ही पद्धत झपाट्याने अंगीकारली. ती मुळात ओपन फर्मवेअरच्या काळातली, म्हणजे १९९४ सालच्या आयईईई १२७५ या मानकातली. बोर्डावर कोणता कंट्रोलर, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या तारेने बांधलेला, हे सारे एका स्वतंत्र दस्तऐवजात लिहायचे आणि यंत्र उठताना तो दस्तऐवज कर्नलच्या हाती ठेवायचा. कर्नल तो वाचतो आणि प्रत्यक्ष बोर्डाकडे न पाहता कागदावर विश्वास ठेवतो.

हा सातबारा आहे, दुसरे काही नाही. क्षेत्र आहे, हद्द आहे, कब्जेदाराचे नाव आहे, इतर हक्कांचा रकाना आहे. पाठीमागून एखादा बदल करायचा झाल्यास ओव्हरले नावाचा स्वतंत्र फेरफार जोडता येतो. आणि प्रत्येक नोंदीपुढे स्टेटस नावाचा एक शेरा असतो, ज्याच्यावर सारे काही अवलंबून. प्रोसेसर घडविणाऱ्याने पीसीआयच्या नोंदीपुढे बहुधा ‘डिसेबल्ड’ असा शेरा मारून ठेवलेला असतो, कारण हा कंट्रोलर कोणी वापरणार की नाही हे त्याला ठाऊक नसते. बोर्ड घडविणाऱ्याने तो खोडून ‘ओके’ करावा अशी अपेक्षा. आमच्या लातूरच्या पेटीत नवी सिस्टीम टाकताना पुरवठादाराच्या कचेरीतील कोणीतरी सर्वसाधारण बोर्डाचा दस्तऐवज चिकटविला होता, आणि त्यात हा शेरा मूळचा, म्हणजे नामंजुरीचाच, राहून गेला होता. म्हणून एलएसपीसीआय म्हटले की पडदा कोरा. म्हणून डी-मेसेजच्या लांबलचक रोजनाम्यात पीसीआयविषयी ना तक्रार ना दखल. कार्ड नादुरुस्त असते तर निदान एखादी कुरकुर उमटली असती. संपूर्ण शांतता पसरली की समजावे, प्रकरण यंत्राचे नसून दफ्तराचे आहे.

माझ्याबरोबर नांदेडचा एक तरुण होता, नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला, बोटांचा चपळ आणि मनाचा उतावीळ. त्याने कारण ऐकताच लॅपटॉप उघडला, दस्तऐवज शोधला, ‘डिसेबल्ड’ खोडले आणि तेथे ‘इनेबल्ड’ असे लिहून पेटी बंद-चालू केली. पडदा कोराच. ‘सर, इनेबल तर केलं,’ तो म्हणाला. आणि येथे मला कर्नलच्या कारकुनी बाण्याचे मनापासून कौतुक वाटले. त्याचा नियम असा की, शेऱ्याच्या रकान्यात ‘ओके’ हाच शब्द हवा, संक्षेपाने किंवा पूर्ण अक्षरी; रकाना मुळीच नसला तरी चालेल, कारण शेरा नाही त्याअर्थी हरकत नाही असे गृहीत धरले जाते; परंतु रकाना असून त्यात दुसरा कोणताही शब्द असेल, मग तो ‘चालू’ असो, ‘होय’ असो की ‘इनेबल्ड’ असो, तर अर्ज नामंजूर. होकाराचा भलता शब्द हा नकार समजला जातो, आणि तसे कळविण्याची तसदीही कोणी घेत नाही. ज्याने ‘राहणार’ ऐवजी ‘रहिवासी’ लिहिल्यामुळे प्रतिज्ञापत्र परत आलेले पाहिले आहे, त्याला यात विपरीत असे काय वाटावे? तरुणाला मात्र वाटले. तो पुण्याला नोकरीसाठी जाणार आहे, शिकेल.

शब्द दुरुस्त केला, पेटी पुन्हा उठविली, आणि पडदा पुन्हा कोरा. अप्पांनी दुसऱ्यांदा चहा सांगितला. आता या धंद्यातल्या सर्वांत जुन्या सत्याची गाठ पडण्याची वेळ आली होती: आपण दुरुस्त केली ती नक्कल, आणि साहेब वाचतात ती प्रत, या दोन एकच असतील असे नाही.

हा विषय मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना थोडा विस्ताराने सांगावयास हवा. आमची जमीन तीच, नदी तीच, बांधही बहुतेक तेच; परंतु त्यांची दफ्तरे फिरत राहिली. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कारभार उर्दूत, साल फसली, जिल्ह्याचा धनी अव्वल तालुकदार. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. एवढ्यावर थांबते तरी बरे. १९८२ च्या १६ ऑगस्टला उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा निघाला, आणि माणूस लातूरचा पण त्याचा जुना कागद उस्मानाबादेस, अशी अवस्था घरोघर झाली. खासरा पत्रकात एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, मुन्तखबात तिसरे, आणि तिन्हींच्या नकला खऱ्या. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली आणि निजामकालीन दफ्तरांतील नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या वृद्धांचा भाव एकाएकी वधारला. ज्यांना आदल्या वर्षीपर्यंत नातवंडे विचारीत नव्हती, त्यांना न्यायला जीपगाड्या येऊ लागल्या. अशा मुलखात वाढलेल्या मनुष्याला ‘कागद दुरुस्त केला’ एवढे सांगून भागत नाही. तो लगेच विचारतो, कोणता कागद?

डिव्हाइस ट्रीचेही नेमके असेच असते. मनुष्य लिहितो ती प्रत वाचनीय असते. ती दळून तिची एक बायनरी नक्कल काढावी लागते, जी मोडीहून अगम्य. आणि ती नक्कल कर्नलपर्यंत पोचविणारा बूटलोडर नावाचा पेशकार मध्ये बसलेला असतो, जो आपल्या मर्जीच्या कप्प्यातून आपल्याला ठाऊक असलेल्या नावाची फाइल उचलतो. पुष्कळ औद्योगिक पेट्यांत सिस्टीमच्या दोन प्रती दोन विभागांत ठेवलेल्या असतात, एक बिघडली तर दुसरी असावी या दूरदृष्टीने, आणि त्या दूरदृष्टीची शिक्षा दुरुस्ती करणाऱ्याला भोगावी लागते. अशा वेळी तर्क करीत बसू नये. कर्नलच्या प्रोक या दफ्तरखान्यात डिव्हाइस-ट्री नावाचा एक कप्पा असतो, आणि पेशकाराने आज सकाळी प्रत्यक्षात कोणती प्रत साहेबांपुढे ठेवली होती ती तेथे जशीच्या तशी पाहता येते. आम्ही पाहिली. पीसीआयच्या नोंदीपुढे शेरा ‘डिसेबल्ड’. तरुणाने मन लावून दुरुस्त केलेली प्रत पहिल्या विभागात शोभून दिसत होती आणि बूटलोडर इमानेइतबारे दुसऱ्या विभागातून जुनी प्रत उचलीत होता.

दुसऱ्या विभागातली प्रत बदलली. पेटी उठली. आणि डी-मेसेजमध्ये पहिल्यांदाच पीसीआयच्या नावे एक ओळ उमटली, जिचा आशय असा की, लिंक काही वर आली नाही. मोबाइलवाल्या पोराने ओळ वाचून ‘म्हटलं नव्हतं का, पीस फॉल्टी’ असा विजयी चेहरा केला. मला मात्र आनंदाचे भरते आले. आतापर्यंत साहेब ओळखच देत नव्हते. आता ते निदान नाही तरी म्हणू लागले होते. कंट्रोलर नेमणुकीवर रुजू झाला होता, त्याने स्लॉटाच्या दिशेने कानोसाही घेतला होता. हा कानोसा मोठा मनोहर असतो: तारेवर किंचित दाब टाकून ती किती वेगाने भरते हे पाहायचे, आणि त्या वेगावरून पलीकडे कोणी बसले आहे की तार हवेत लोंबते आहे, हे ओळखायचे. त्यानंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या वेगाची, ठेक्याची रुजुवात. या बोलण्यापूर्वी वीज स्थिर झाल्यावर निदान शंभर मिलिसेकंद कार्डाला रीसेटच्या तारेवर थोपवून धरावे, असा नियम आहे, आणि ती तार उलट्या बुद्धीची असते: तिच्यावर शून्य म्हणजे ‘थांब’ आणि एक म्हणजे ‘चल’. दस्तऐवजात हा उलटेपणा उलटा लिहिला गेल्यामुळे जन्मभर रीसेटमध्येच राहिलेली कार्डे मी पाहिली आहेत. येथे मात्र ते कलम बरोबर होते. आम्ही मीटर लावून पाहिले, तार वेळेवर वर जात होती.

मग उरले काय? इलेक्ट्रिशियन इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला, त्याने टेपचा तुकडा ओरबाडून काढला, कार्ड उचकटले, खिशातून खोडरबराचा तो काळवंडलेला तुकडा काढून कड दोनदा घासली आणि कार्ड पुन्हा खुपसले. आणि पॅनेलच्या तळाशी बोटे फिरवून हरवलेला स्क्रूही त्याने हुडकून काढून जागच्या जागी आवळला. टेपच्या भरवशावर कार्डाची एक बाजू केसभर वर उचललेली राहत होती, हे तो स्क्रू बसताना सगळ्यांनीच पाहिले. पेटी उठली, एलएसपीसीआय म्हटले, आणि पडद्यावर दोन ओळी आल्या: एक कंट्रोलरची, एक कार्डाची, क्रमांकासह. सॉर्टेक्स आणि वजनकाटा यांचे आकडे अप्पांच्या मोबाइलवर धावू लागले.

‘रबरच मारायला पायजे व्हतं आधी,’ इलेक्ट्रिशियन म्हणाला, आणि साऱ्या इजलासाने माना डोलावल्या. शेरा, विभाग, पेशकार, मूळ प्रत आणि नक्कल यांत गेलेला वेळ हा मिलच्या इतिहासात सर्वांच्या डोळ्यांदेखत रद्दबातल ठरला. तरुण काही बोलणार होता. मी त्याला डोळ्याने गप्प केले. तो शेरा बदलला नसता तर सारे नांदेडचे खोडरबर झिजवूनही कार्ड दिसले नसते, हे खरे. पण तो स्क्रू नसता तर आमचा सारा पत्रव्यवहार फाइलबंद झाला असता, हेही खोटे नव्हे, आणि शिवाय त्या मिलमध्ये नित्य राहायचे होते ते इलेक्ट्रिशियनला. अर्थिंगचा उल्लेख मात्र पुन्हा कोणी केला नाही.

अप्पांनी प्रसन्न होऊन डाळीची पिशवी गाडीत ठेवण्यास सांगितले आणि बिलासाठी मुनीमजींकडे बोट दाखविले. मुनीमजींची खातेवही गेल्या वर्षापासून संगणकात गेली आहे. त्यांनी चष्मा सारखा केला, माझ्या फर्मचे नाव सावकाश एका बोटाने टाइप केले, पडद्याकडे पाहिले, पुन्हा टाइप केले.

‘तुमचा वेंडर कोड न्हाई की आमच्यात,’ ते म्हणाले. ‘कोड न्हाई तर बिल घेईना हे.’

मी समोरच उभा होतो हे त्यांच्या निदर्शनास आणले.

‘ते हाय की,’ मुनीमजी म्हणाले. ‘पॅनकार्डाची झेरॉक्स, जीएसटीचं सर्टिफिकेट अन् एक क्यान्सल चेक देऊन जावा. मी भरतो. मग हैदराबादचे सॉफ्टवेअरवाले तिकडून ॲक्टिव्ह करतेत.’

तरुणाने अत्यंत गंभीरपणे विचारले की, त्या रकान्यात नेमका कोणता शब्द लिहावा लागतो. मुनीमजींनी सांगितले की, तसे काही लिहावे लागत नाही, यादीतून निवडायचे असते. आणि यादीत सध्या एकच पर्याय येतो आहे, ‘पेंडिंग’.